उजवा घोटा

"उजवा घोटा तेवढा द्या," कुरोसाकीसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "बाकी कशाला हात लावणार नाही."

शवपेटीचं झाकण अजून लागलं नव्हतं. शिझुएवहिनी दादाच्या उशाशी फुलं ठेवत होती. मी त्याची धाकटी बहीण, तिच्या शेजारीच उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादाचा उभा जन्म ह्यांच्या कारखान्यात गेला. तिथला माल म्हणजे मॅग्नेशियमचा स्क्रू, हाड मोडलं की आत बसवायचा. हाड सांधलं की तो आपोआप विरघळतो, काढायला पुन्हा चिरफाड नको. पण उघडा स्क्रू अंगात फार घाईनं झिजतो, म्हणून त्याच्यावर शरीराला मानवेल असा पातळ लेप देतात. तो लेप चढवायचं काम दादाचं. शिडीवरून पडून त्याचा घोटा मोडला, तेव्हा माणसांवरची चाचणी नुकतीच सुरू झाली होती. त्यानं हौसेनं स्वतःच्या हातचा स्क्रू बसवून घेतला आणि वर्षभरात टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लागला.

त्याच वर्षी ह्याच साहेबांनी लेपाचा विभाग बंद केला. खपत नाही म्हणे. दादा निवृत्तीपर्यंत खोकी बांधत बसला. बाबा रे, पाय कसा आहे, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आता परदेशातून मागणी आली, तर इतक्या वर्षांनी हाड आतून कसं आहे ते दाखवायला ह्यांना घोटा हवा होता!

विभाग पुन्हा सुरू करू, त्याला तोकुजींचं, म्हणजे दादाचं, नाव देऊ, तशी पाटी लावू, असं साहेब सांगत राहिले. मी जरा विरघळले. वहिनीला म्हटलं, "दादाला आवडलं असतं गं."

"आवडलंच असतं," वहिनी म्हणाली. "ह्यांना आवडतं म्हणून जन्मभर सगळं फुकटात नेलं ह्या लोकांनी." मग साहेबांकडे वळली. "अस्थी पायापासून वेचतात ना, साहेब? कलशात माणूस सरळ उभा राहावा म्हणून. पाय तुम्ही नेलात, तर हे कशावर उभे राहणार? तुमच्या पाटीवर?"

साहेबांनी घोट्याचा विषय सोडला. पण दहनगृहापर्यंत आलेच.

अस्थी बाहेर आल्या. रीतीप्रमाणे वहिनीनं आणि मी मिळून, दोघींच्या अस्थी वेचायच्या लांब काड्यांत एकच हाड धरून, वेचायला सुरुवात केली. उजव्या घोट्याचं हाड अखंड उचललं गेलं. त्यात ना स्क्रू, ना स्क्रूचं भोक.

मागच्या रांगेतून साहेब टाचा उंचावून बघत होते. वहिनीनं ते हाड क्षणभर तसंच वर धरलं.

"दिसलं?" तिनं विचारलं.

साहेबांनी मान डोलावली आणि फोटो काढायला खिशात हात घातला. त्यांचा फोन बाहेर येईपर्यंत हाड कलशाच्या तळाशी गेलं होतं. त्याच्या शेजारी आम्ही डावा पाय ठेवला, आणि मग गुडघ्यांकडे वळलो.