गोळी काढायचा हातोडा

हॅगर्टी गावात कुणाला घरी काडतुसं भरायचा नाद लागला, की त्याला आधी व्हर्लिन टोस्ट्रूडच्या दाराशी जावं लागे. काडतूस दाबून भरायचा प्रेस कुठला घ्यावा, साचे कुठले, तराजू कसला, हे व्हर्लिन सांगणार आणि सांगता सांगता समोरच्याची थोडी फजिती करणार, हे ठरलेलंच. आयुष्यभर माँटानातले कच्चे रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून दामटायला रस्ते उरले नव्हते, म्हणून माणसं दामटायचा.

शिकारीचा हंगाम दुसऱ्या दिवशी उघडणार होता. त्या सकाळी कोरीनच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात त्याच्या तावडीत सापडला होता खुद्द त्याचा जावई, प्रेस्टन. ओहायोकडचा, शाळेत संगीत शिकवणारा, बोलायला मऊ. शेगडीभोवती नेहमीची मंडळी कॉफी घेऊन बसलेली. म्हणजे व्हर्लिनला प्रेक्षकही होते.

"हा प्रेस बघा, व्हर्लिन. दांडा एकदा ओढला की पाच कामं करतो," प्रेस्टन म्हणाला.

"सायकल येत नाही आणि निघाला मोटारसायकल घ्यायला! एका वेळी एकच काम करणारा घे. ओतीव लोखंडाचा. तुझा नातू वापरेल."

प्रेस्टनने बॅटरीवरचा तराजू उचलला. व्हर्लिनने तो त्याच्या हातातून काढून जागेवर ठेवला आणि दांडीचा तराजू टोपलीत टाकला. मग प्रेस्टनच्या हाताला लागला एक हिरवा प्लास्टिकचा हातोडा.

"आता हे काय?"

"चुकीचं भरलेलं काडतूस उघडायला," प्रेस्टन म्हणाला. "या डोक्यात काडतूस अडकवायचं, लाकडावर आपटायचं, की गोळी सुटते आणि दारू बाहेर येते. मला वाटलं, नवशिक्याला..."

"अरे, लग्नाला निघालास तो घटस्फोटाचा वकील बरोबर घेऊन?"

शेगडीभोवती हशा पिकला. त्यांच्यातला ड्वेन तर कॉफी सांडेपर्यंत हसला. प्रेस्टनचे कान लाल झाले.

"चाळीस वर्षं भरतोय मी," व्हर्लिन म्हणाला, "असलं खेळणं माझ्या घरात नाही. ज्याला हे लागतं त्याने दुकानातली तयार डबी घ्यावी आणि गप बसावं."

प्रेस्टनने हातोडा परत खिळ्याला टांगला.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा त्या मुलखातला रिवाज. सख्ख्या भावाचंही नाही. व्हर्लिनच्या मुलीने, म्हणजे प्रेस्टनच्या बायकोने, मारिटने, तो एकट्या बापापुरता मोडला होता. लहानपणापासून ती त्याच्याच काडतुसांवर हरणं पाडत आली होती, आणि गावात ती हे सांगायची तेव्हा व्हर्लिन ऐकू न आल्यासारखं करून मनातून फुलायचा. याही हंगामाची डबी त्याने तिला पोचवली होती. त्याच दुपारी ती खडीच्या खाणीत रायफलचा नेम तपासायला जाणार होती.

"आता हे दारूचं माप," व्हर्लिनचा पाठ पुढे चालू झाला. "ही वरची नळी बघ, हिच्यात दारू भरायची, खाली मोजून पडते. काम संपलं की यातली दारू लगेच डब्यात परत ओतायची. पिस्तुलाची झटक्यात जळते, रायफलची सावकाश. रायफलच्या दारूत पिस्तुलाची मिसळली तर रायफल तोंडावर फुटेल. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. मी तर काम संपलं की असं..."

त्याने नळी उलटी करून दाखवली आणि तो तसाच थांबला. हाताला ओतणं पाठ होतं, पण मारिटची डबी भरायच्या आदल्या संध्याकाळी ओतल्याचं काही केल्या आठवेना. त्या संध्याकाळी तो रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत होता. मध्येच बहिणीचा फोन आला, मेव्हण्याला दवाखान्यात नेलं म्हणून. दारूचा डबा तसाच फडताळात ठेवून, कोट चढवून निघाला होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मापावर त्याने मारिटची डबी भरली होती आणि उरलेली दारू रायफलच्या डब्यात परत ओतली होती.

"व्हर्लिन? काय झालं?"

"काही नाही. बाकीचं तुझं तू घे," असं म्हणून तो बाहेर पडला.

फोन खिशात होता. मारिटला फोन करायला हवा होता, हे त्याला पिकअपमध्ये बसतानाच कळलं होतं. पण आपलं चुकलंच नसेल तर? उगाच स्वतःच्या तोंडाने स्वतःचं हसं कशाला करून घ्या? आधी घरी जाऊन बघू, असं म्हणत त्याने गाडी घराकडे घातली. वाटेत दोनदा हात खिशाकडे गेला आणि दोनदा परत आला.

घरी त्याने रायफलच्या दारूचा डबा पांढऱ्या कागदावर उपडा केला. चष्मा तो चारचौघांत घालत नसे, घरातही नाही. आता घातला. बारीक बारीक काळ्या कांड्या होत्या, असायला हव्या तशा. आणि त्यांच्यात, जागोजाग, चपट्या गोल चकत्या. रिव्हॉल्व्हरची दारू. वजन बरोबर भरलं असणारच, तराजूला कांड्या काय आणि चकत्या काय.

मग मात्र त्याने फोन लावला. मारिटने उचलला नाही.

तिच्या घरापर्यंतचा रस्ता त्याने कसा कापला हे त्याचं त्यालाच ठाऊक. ती अंगणातच होती, रायफल पिकअपमध्ये ठेवत होती. तिला उभी बघून त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. आणि तरीही, तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच.

"ती डबी दे जरा. याहून चांगल्या गोळ्या आल्यात, बदलून देतो."

"आता? निघाले ना मी, बाबा. तुझी डबी मला नेहमीच चालते की."

"दे म्हटलं ना!"

"असा काय करतोस? ह्याच छान आहेत."

प्रेस्टन सामानाचं खोकं घेऊन पायरीवर उभा होता. व्हर्लिनला वाटलं, हा आत जाईल तर बरं. तो काही गेला नाही.

"चुकलंय," व्हर्लिन म्हणाला. "माझं चुकलंय. मापात रिव्हॉल्व्हरची दारू राहिली होती. तुझ्या काडतुसांत गेलीय. उडवू नकोस."

मारिटने खिशातून डबी काढून बॉनेटवर ठेवली. हळूच.

"कधी कळलं?"

"मघाशी. दुकानात."

"दुकानात? मग फोन का नाही केलास?"

"म्हटलं, आधी घरी जाऊन खात्री..."

"तू घरी जाऊन बघत बसलास, आणि मी इथून निघणार होते, हे तुला माहीत होतं."

पोरीच्या चेहऱ्यापेक्षा आपली अब्रू त्याला तासभर जास्त जपावीशी वाटली होती. तिला ते समजलं होतं आणि जावयालाही. रागावून ओरडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. ती घरात गेली आणि कपाटातल्या त्याच्या जुन्या डब्या, मागच्या हंगामांच्या, सगळ्या घेऊन आली. एकेक करून तिने त्या नव्या डबीशेजारी मांडल्या.

"ह्या चांगल्या आहेत गं," तो म्हणाला.

"असतील," ती म्हणाली. "घेऊन जा."

प्रेस्टनने सगळ्या डब्या व्हर्लिनच्या गाडीत नेऊन ठेवल्या.

दुकानात मंडळी अजून बसलेलीच होती. व्हर्लिनने खिळ्यावरचा हिरवा हातोडा काढून गल्ल्यावर ठेवला.

कोरीन हसली. "शेवटी जावयाला हवाच झाला का?"

किती सोपं होतं. नुसती मान हलवली की झालं, शेगडीपाशी पुन्हा हशा, आणि तो प्रेस्टनच्या नावावर. मान हलायच्या बेतातच होती.

"नाही," तो म्हणाला. "मला हवाय. मी दोन दारू एकत्र केल्या. मारिटची काडतुसं उघडायची आहेत."

कुणी हसलं नाही. ड्वेन आपल्या कपात बघत राहिला. हसले असते तर बरं झालं असतं, असं व्हर्लिनला वाटलं.

"आणि तिच्या रायफलची एक तयार डबी दे. उद्या हंगाम उघडतोय."

कोरीनने मागच्या फळीकडे हात केला. तिथे रंगीबेरंगी डब्यांची रांग होती. इतक्या वर्षांत त्या फळीकडे त्याने कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

"कुठली देऊ, व्हर्लिन?"

त्याने खिशातून चष्मा काढला, सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवला आणि फळी नीट बघितली.

"मला नाही कळत यातलं," तो म्हणाला. "तूच निवडून दे."