पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर

सकाळपासून टॅबलेट सुरूच होईना. जगाचे टॅबलेट दुरुस्त करून मी पोट भरते, आणि माझाच रुसून बसलेला! म्हटलं, पेनड्राइव्हवरून चालू करून बघू. पेनड्राइव्ह खोचला, आवाजाचं बटण दाबून धरलं आणि सेटिंग उघडलं. सुरू होताना टॅबलेटने आधी कुठे बघायचं, याची यादी तिथे असते. एरवी तिथे टॅबलेटची स्वतःची मेमरी पहिली असते, पण आता पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर होता.

मी तर माझ्या टॅबलेटच्या त्या यादीला कधी हातही लावला नव्हता. पेनड्राइव्हवरून चालू केलं की माझा पासवर्ड न टाकताही आतलं सगळं वाचता येतं.

दुकान बंद करून परगावी जायचा बेत मी कुणाला सांगितला नव्हता, फक्त या टॅबलेटमध्ये लिहिला होता. तरी तो आईच्या कानावर गेला. "तुझ्या दुकानातली ती बाई फाटक्या तोंडाची आहे, तिनेच चोरून वाचलं असणार," असं ताई म्हणाली, आणि मी मूर्खासारखं त्या बाईला कामावरून काढलं.

ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"ताई, माझ्या टॅबलेटला हात लावला होतास?"

"छे गं! मला कुठे पासवर्ड माहीत आहे?"

पासवर्ड लागतच नाही, हे गेल्या वर्षी दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका टॅबलेटवर मीच तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. काम झालं की यादी पहिल्यासारखी करायची, हेही बजावलं होतं. तेवढं मात्र ताईसाहेब विसरल्या.