ऑर्डरची रेषा

मिनलचं बोट खालच्या रेषेपाशी येऊन थांबलं. मागं गेलं, उतारावरून पुन्हा घसरत आलं आणि पुन्हा तिथंच अडलं.

“पप्पा, ही चुकलीये.”

धम्मपालने तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. चाकणहून पहिली शिफ्ट करून त्याला घरी येऊन अर्धा तासही झाला नव्हता. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगातच होता.

“काय चुकलं? पत्र्याला धार राहिली का कुठं?”

“धार नाही हो. आकृती चुकलीये.”

तिच्या मांडीवर वहीएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा होता. त्यावर उठून आलेल्या ठिपक्यांची एक रेघ तिरकी खाली उतरत होती, मग ताठ उभी वर चढत होती, पुन्हा तिरकी उतरत होती. करवतीचे दात असावेत तशी. एक आडवी रेषा त्या दातांना मधून कापत गेलेली, दुसरी त्यांच्या तळाला टेकलेली. दोन्ही रेषांच्या टोकाला ब्रेलचं एकेक अक्षर. काल संध्याकाळी दोन तास मान मोडून धम्मपालने ते काम केलं होतं.

मिनलला जन्मापासून दिसत नव्हतं. बारावीनंतर तिने बीबीएला प्रवेश घेतला, तेव्हा नेहरूनगरच्या त्यांच्या गल्लीत बऱ्याच जणांनी गाण्याचा क्लास सुचवला होता. पुस्तकं तिचा मोबाईल वाचून दाखवायचा. पण आकृती आली की तो नुसता ‘इमेज’ म्हणायचा आणि पुढच्या ओळीवर जायचा. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिने एकदा जेवता जेवता विचारलं होतं, “पप्पा, वाकडी रेष म्हणजे किती वाकडी?” धम्मपालने तिच्या तळहातावर बोटाने काढून दाखवली. तिचं समाधान झालं नाही. त्याचंही झालं नाही. एकवीस वर्षं तो टूलरूममध्ये होता. केसाएवढा फरक सांभाळून लोखंड घासायचं, हा त्याचा रोजचा धंदा. दुसऱ्या दिवशी त्याने सुपरवायझर ज्योतीराम भाऊंना विचारून भंगारातला पत्र्याचा एक तुकडा घरी आणला. तेव्हापासून एकतीस पत्रे झाले होते.

सुरुवातीला तो फक्त नक्षी उतरवावी तसा आकृत्या उतरवत होता. मग एका रविवारी मिनलने तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मोबाईलवर लावला आणि तो कानस हातात धरून ऐकत राहिला. मशिनी कुठं मांडायच्या, कामाचा वेळ कसा मोजायचा, मशीन बंद पडायच्या आधी तिची देखभाल कशी करायची, कच्चा माल किती ठेवायचा. ज्या गोष्टींवरून कारखान्यात त्याने शिव्या खाल्ल्या होत्या आणि दिल्याही होत्या, त्या सगळ्या कुणीतरी निवांत बसून पाच युनिटांत लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला तास ठरवून दिलेले, मार्क ठरवून दिलेले. “परत लाव,” तो म्हणाला होता. तिने परत लावलं होतं.

आता त्याने चष्मा पुसला, पुस्तक उघडून पत्र्याशेजारी धरलं आणि एकेक दात ताडून पाहिला. डिव्हायडर लावून अंतरंही मोजली.

“पुस्तकात आहे तशीच आहे. मिलिमीटरचा फरक नाही.”

“मग पुस्तक चुकलंय.”

“पुस्तक कसं चुकेल, मिनू? मोठमोठ्या प्रोफेसरांनी लिहिलेलं असतं ते.”

“इकडं हात द्या तुमचा.” तिने त्याचं बोट धरून पहिल्या दाताच्या टोकावर ठेवलं. “इथं गोदाम भरलेलं आहे. रोज माल वापरला जातोय, म्हणून रेघ उतरतेय. बरोबर?”

“बरोबर.”

“ही तळाची रेषा. तुम्ही हिच्या टोकाला ऑर्डरचं अक्षर ठोकलंय. म्हणजे माल इथवर आला की नवीन ऑर्डर द्यायची. आता धड्यात लिहिलंय, ऑर्डर दिल्यावर माल यायला आठ दिवस लागतात. आणि तळाला राखीव माल उरतो तो दोन दिवसांचा.” तिने त्याचं बोट तिथंच दाबून धरलं. “मग उरलेले सहा दिवस लाईन कशावर चालवायची?”

माल संपून लाईन बंद पडलेली धम्मपालने उभ्या नोकरीत दोनदा पाहिली होती. प्रेसचा धाडधाड आवाज अचानक थांबतो. आधी वाटतं, आपल्याच कानात काही झालं. मग शंभर माणसं हात पुसत एकमेकांकडे बघायला लागतात. ती शांतता ज्याने ऐकलीय त्याला ही रेषा पाहताक्षणी खटकायला हवी होती. आणि तो तर दोन तास तिच्यावर वाकून बसला होता. एकेक ठिपका मोजून ठोकत होता.

“वरची,” तो हळूच म्हणाला. “ऑर्डरची रेषा वरची पाहिजे. खालची राखीव मालाची.”

“हां. नावांची अदलाबदल झालीये.” एवढं बोलून मिनलने पत्रा बाजूला ठेवला आणि चहा मागितला.

अंजलीने आतून दोन कप आणले. एक लेकीच्या हातात देत ती नवऱ्याला म्हणाली, “तो फॉर्म अजून टीव्हीवरच पडलाय. शनिवार शेवटचा आहे ना?”

फॉर्म धम्मपाल विसरला नव्हता. शेवटच्या वर्षाला एक विषय खास म्हणून निवडायचा होता आणि फॉर्मवर पालकाची सही लागत होती. कॉलेजातल्या प्रज्वल सरांनी फोन करून समजावलं होतं, “काका, तिला एचआर घेऊ दे. माणसांशी बोलायचं काम, तिला छान जमेल. ऑपरेशन्सला, म्हणजे कारखाना चालवण्याच्या विषयाला, आकृत्या फार. परीक्षेत तिला त्याऐवजी दुसरा प्रश्न मिळेल हो, पण पुढं कारखान्यात काय?” सर मनापासून बोलत होते. धम्मपाललाही तेच वाटत होतं, फक्त लेकीसमोर त्याची जीभ रेटत नव्हती. फोर्कलिफ्ट, तेलाने निसरडी झालेली फरशी, डोक्यावरून जाणारी क्रेन. डोळे असलेल्यांची बोटं गेलेली त्याने पाहिली होती. मिनलने ‘ऑपरेशन्स’समोर खूण करून घेतली होती. त्याने आठ दिवस सही टाळली होती.

शनिवारी त्याने रजा टाकली आणि दोघं पीएमपीच्या बसने कॉलेजला गेले. जिन्यात मिनलनेच त्याचा हात धरला होता. तिसऱ्या मजल्यावर कुठल्या पायरीचा कोपरा उडालाय तेही तिने सांगितलं.

प्रज्वल सर तिशीच्या आतलेच होते. त्यांनी धम्मपालला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मिनलने पिशवीतून पत्रा काढून टेबलावर ठेवला आणि घरी सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत सांगितलं. सरांनी कपाटातून पुस्तक काढलं. पान उघडून पाहिलं. मग वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतः ती दातेरी रेघ काढली, दिवस लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती. धम्मपालला वाटलं, आता सर म्हणतील, तुझी समजण्यात गल्लत झालीये.

सरांनी पेन खाली ठेवलं.

“चार वर्षं मी हीच आकृती फळ्यावर काढतोय,” ते म्हणाले. “पोरं उतरवून घेतात. पेपरात काढतात. मी मार्क देतो.” त्यांनी वही मिटली. “तुला कसं कळलं गं?”

मिनल गोंधळली. तिला तो प्रश्नच कळला नसावा.

“सर, बोट खाली येत होतं,” ती म्हणाली. “तळाला आलं आणि पुढं मालच नव्हता.”

सर हसले नाहीत. त्यांनी पत्रा स्वतःकडे ओढला, त्यावरून सावकाश हात फिरवला. मग धम्मपालकडे वळून, जरा अवघडून म्हणाले, “काका, फॉर्मचं काय ठरलं मग? मी फोनवर जे बोललो ते...”

धम्मपालने खिशातून फॉर्म काढला. घडी उलगडली. “सर, पेन द्या जरा,” तो म्हणाला आणि टूलरूमच्या ड्रॉइंगवर करतो तशी, पूर्ण नाव लिहून सही केली.

रविवारी सकाळी त्याने गॅलरीत लाकडी ठोकळा मांडला, नवा पत्रा त्यावर ठेवला. पुढच्या धड्यात कामांचं जाळं होतं: कुठलं काम आधी, कुठलं त्याच्यावर अवलंबून, दोन वाटा कुठं फुटतात, कुठं येऊन मिळतात. गोल एकमेकांना बाणांनी जोडलेले. तो पुस्तकावर ट्रेसिंग कागद लावणार तोच मिनल बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली.

“पुस्तक मिटा, पप्पा.”

“का गं?”

“धडा मी ऐकलाय काल. आकृती मीच सांगते. झाल्यावर मग पुस्तकाशी ताडून बघू, कोण बरोबर ते.”

त्याला गंमत वाटली. त्याने पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं आणि पेन्सिल घेतली. “सांग. पहिला गोल कुठं घेऊ? डावीकडं ना?”

“उजवीकडं.”

“उजवीकडं? अगं, सुरुवात डावीकडून असते.”

“माझ्यासाठी डावीकडून. तुम्ही मागून ठोकता ना?”

धम्मपालची पेन्सिल थबकली. ठिपके वर उठावेत म्हणून पत्रा पालथा घालून मागूनच ठोकावा लागतो आणि त्यासाठी सगळी आकृती आधी उलटी, आरशातल्यासारखी करून घ्यावी लागते. निम्मा वेळ त्या उलटापालटीतच जायचा. ती कटकट तो एकटाच निस्तरायचा. घरात कधी कुणाला तो त्याबद्दल बोलला नव्हता. तिला तर नाहीच.

“तुला कुणी सांगितलं?”

“ठिपके माझ्या बाजूला वर येतात. म्हणजे तुम्ही पलीकडूनच मारत असणार.” मिनलने मान किंचित तिरकी केली, समोरच्या हवेत एक बोट उचललं. “तुमच्या बाजूने सांगते मी. उजव्या कडेपासून दोन बोटं सोडून पहिला गोल. तिथून दोन बाण डावीकडं. वरचा लांब, खालचा आखूड. काढताय ना?”

ती सांगत गेली. गोल, बाण, फाटा, पुन्हा गोल. न चुकता, न अडखळता. बोट हवेत उजवीकडून डावीकडं चाललं होतं. खाली गल्लीत कुणी स्कूटर धूत होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. धम्मपालचं पत्र्याकडे लक्ष नव्हतं. तो त्या बोटाकडे बघत होता.

“पप्पा? कितवा गोल झाला?”

त्याने पाहिलं. पत्रा कोराच होता.

“पहिल्यापासून सांग,” तो म्हणाला आणि पेन्सिल टेकवली.