वरचा सुळा, एकच डोळा

डावा डोळा काचबिंदूने कधीच खाल्ला. राहिला उजवा. त्याच्यावर माझं सगळं चाललंय. तांदूळ निवडणं, दहिसरच्या बाजारात मासे पारखणं, कोळणीशी भांडणं. तो गेला की भिंत चाचपत मोरीपर्यंत जायचं आणि सुनेने भरवलेलं गिळायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आणि मेला नेमका उजव्या डोळ्याखालचाच सुळा किडला! गालावर अशी सूज चढली की डोळा मिटला, मी ठार आंधळी. सुबोध, माझा लेक, ऑफिसातून फोनवर काळजी करत होता. सून श्वेता मला रिक्षात घालून बोरिवलीला ऋतिका डॉक्टरणीकडे घेऊन गेली. गोळ्यांनी सूज उतरली, डोळा उघडला. पण रूट कॅनल करायला दात उघडला, आतून धुतला, पुन्हा धुतला, तरी पू काही थांबेना.

"आजी, परत सूज आली तर ती डोळ्यापर्यंत जाऊ शकते," डॉक्टरीण म्हणाली. "मुळाला आत बारीक फाटे असतात, तिथे जंतू दडून बसलेत. नुसतं औषधाचं पाणी तिथे पोचत नाही. आज लेझर वापरून बघू. नाहीच जमलं तर दात काढायचा."

"काढायचं नाव काढू नकोस!" मी ओरडले. वरचा दात काढला की डोळा जातो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"असं काही नसतं हो, आजी."

"दात काढून डोळा गेलेल्या आमच्या धोंडिरामाला बघितलंस? नाही ना? मग गप्प बस."

ती हसली. तेवढ्यात तिच्या मदतनीस पोरीने मला घालायला एक जाड काळा चष्मा आणला. मी विचारलं, हा कशाला?

"लेझरचा उजेड डोळ्यांना वाईट," पोरगी म्हणाली. "म्हणून सगळ्यांनीच घालायचा."

झालं! म्हणजे गोष्ट शेवटी डोळ्यावरच आली की! दात काढला तरी डोळा, नाही काढला तरी डोळा, आणि आता हे तिसरं. मी खुर्चीतून पाय खाली टाकला.

श्वेताने खांदा दाबला. "आई, बसा."

"तुझं काय जातंय? डोळा माझा आहे!"

"आणि तो गेला तर सगळं करणार कोण?" ती फाडकन बोलली.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला असं कधी बोलली नव्हती. राग असा आला म्हणून सांगू! पण पाय वर घेतला. माझा नंबरचा चष्मा मात्र काढू दिला नाही. त्याच्यावरूनच काळा चढवला.

काळे चष्मे तीनच होते. डॉक्टरणीला, पोरीला आणि मला. श्वेताला बाहेर थांबायला सांगितलं. तिने हात सोडवून घेतला, तेव्हा कळलं की मी तो धरून ठेवला होता. दार लागलं.

तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, बोलायची सोय नाही. डोळ्यांपुढे अंधार. दातात चटचट आवाज सुरू झाला, गॅस पेटवायच्या लायटरसारखा. पाण्याचे तुषार तोंडावर उडत होते. दुखत नव्हतं. पण भीतीने मी नाकाने भात्यासारखी धापा टाकत होते. अंधार असाच राहिला तर? मोरी कुठल्या हाताला, देव्हारा कुठल्या हाताला, मी मनातल्या मनात घर चाचपायला लागले.

आवाज थांबला. डॉक्टरणीने बराच वेळ आत काहीतरी घालून पाहिलं.

"आजी, आज मूळ आतून कोरडं आलं," ती म्हणाली. "दात वाचेल असं वाटतंय."

पडदा काढला. काळा चष्मा काढला.

समोर सगळं पांढरं. छत नाही, दिवा नाही, डॉक्टरीण नाही. नुसतं पांढरं.

"गेलो!" मी किंचाळले. "माझो डोळो गेलो गो! श्वेता! गो श्वेता!"

धाडकन दार उघडलं. कोणीतरी माझा चष्मा ओढून काढला, ओढणीने खसाखसा पुसला आणि परत नाकावर ठेवला.

"वाफ धरली होती हो, आई, काचांवर. वाफ आणि पाणी. दिसतंय ना आता?"

दिसत होतं. अगदी समोर श्वेताचं तोंड. कानशिलाजवळ पांढरे केस. ते कधी आले? डोळ्यांखाली काळं. नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब. रडत होती बया.

"आई, काय बघताय एवढं?"

"दिसतंय का बघतेय," मी म्हटलं, आणि बघतच राहिले.