कालव्याकडच्या गोलासमोरची माती

फुटबॉल क्लबचं एकशेदहा वर्षांचं जुनं मैदान सोमवारी गॅलऱ्यांसकट पाडायला घेणार होते, म्हणून शनिवारीच विनिफ्रेड बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली. एकोणीस वर्षांपूर्वी, चाहत्यांची राख मैदानात पसरायच्या इथल्या रीतीप्रमाणे, तिनं नवऱ्याची, हॅरल्डची राख कालव्याकडच्या गोलासमोर पसरली होती. तिथली मूठभर माती तिला नव्या मैदानावर न्यायची होती.

"एर्नी, जरा फावडं दे रे," ती मैदानाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली.

"माती ने हवी तेवढी. पण तुझा हॅरल्ड नाही त्यात."

"म्हणजे?"

"राखेनं गवत जळतं, विनी. तुम्ही लोक रडून गेलात की आम्ही खरवडून काढायचो. सगळ्यांचीच. कचऱ्याच्या गाडीत जायची."

विनिफ्रेडनं मैदानाभोवतीचा कठडा धरला. दर सामन्याआधी ती याच कठड्यावरून वाकून हॅरल्डला अकरा खेळाडूंची नावं वाचून दाखवायची.

"मी त्याच्याशी बोलायचे, ते तुला दिसायचं?"

"दिसायचं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सुरुवातीला हसू यायचं," एर्नी फावडं पुसत म्हणाला. "नंतर लक्षच जाईना."