टेलरबाई हलतात

टेलरबाईंच्या घरातला कुठलाही जुना फोटो काढा. पुढच्या खुर्चीवर एक धुरकट बाई बसलेली दिसेल. त्या टेलरबाई. त्यांच्या मागे उभी असलेली नणंद मात्र अशी लख्ख, की कानातले खडे मोजून घ्यावेत. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परीक्षा पास होवो, कुणी नोकरीला लागो, पंचेचाळीस वर्षं हेच. आणि त्याचं कारणही घरात केव्हाच ठरून गेलं होतं. टेलरबाई हलतात.

हे कारण शोधून काढलं ते त्यांच्या यजमानांनी. कॅमेरा यजमानांचा, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचा. घरात एवढ्या एकाच गोष्टीत तो त्यांचा होता.

कॅमेरा जुन्या घडणीचा, लोखंडी, हातात धरला तर वजनाच्या मापासारखा. त्यात एक गंमत होती. ज्या भिंगातून फोटो निघतो त्यातून बघायचंच नाही. वर एक वेगळी खिडकी, तिला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक पिवळट चौकोन, आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसायचा, एकदा खरा आणि एकदा फिका. भिंगाची कडी फिरवत फिरवत फिका माणूस खऱ्यावर नेऊन बसवायचा, म्हणजे अंतर जुळलं. आता खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, म्हणून यजमानांनी पहिला अख्खा रोल भिंगावरचं झाकण न काढताच संपवला होता. छत्तीस फोटो, छत्तीसही काळे कुळकुळीत. टेलरबाईंनी हे त्यांना एक दिवसही विसरू दिलं नाही. पण झाकणाची गोष्ट घरातल्या घरात राहिली आणि 'टेलरबाई हलतात' हे नात्यागोत्यात सगळीकडे गेलं, कारण ते नेणारी नणंद होती.

बाकी काही म्हटलं असतं तर टेलरबाईंनी सोडून दिलं असतं. म्हणजे सोडलं नसतं, पण त्याच दिवशी उत्तर देऊन मोकळ्या झाल्या असत्या. हे मात्र लागलं. ज्या बाईच्या हाताखाली चौकड्याच्या कापडाची रेघ शिवणीवर सुतभर सरकत नाही, त्या बाईला एक क्षण स्थिर बसता येत नाही? आणि आपण बसलो होतो, श्वास रोखून बसलो होतो, हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

यंदा त्यांच्या शिलाईच्या दुकानाला पन्नास वर्षं होणार होती. दुकान लग्नाच्या आधीचं, नवरा नंतरचा. हा क्रम त्या नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. सुनेनं ठरवलं, सासूबाईंचा एक जुना फोटो मोठा करून दुकानात लावायचा. तिनं चार अल्बम पालथे घातले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, तुमचा एकही फोटो धड नाही हो."

"मग तुझ्या आत्याबाईंचा लाव. त्या सगळ्यांत धड आहेत."

"असं काय करता? मी फोनवर काढते ना नवा. बसा."

"फोन काय, दगडाचाही चांगला काढतो. त्यानं काय सिद्ध होतंय?"

आरामखुर्चीतून यजमान हळूच म्हणाले, "एवढं सिद्ध करायचंय काय त्यात?"

झालं. टेलरबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "करायचंय. तो तुमचा डबा दुरुस्तीला न्यायचा. दोष त्याचा निघाला, तर पन्नाशीच्या दिवशी सगळ्यांसमोर, तुमच्या बहिणीच्या तोंडावर, तुम्ही सांगायचं की ही हलत नव्हती. आणि कॅमेरा धडधाकट निघाला तर मी सांगेन, हलते म्हणून."

"राहू दे ना," यजमान म्हणाले. "इतकी वर्षं गेली."

"तुमची आरामात गेली. मी धुरात बसले होते."

दुरुस्ती करणारा कारागीर एका जिन्याखालच्या खोलीत बसत असे. चहाच्या जुन्या डब्यांतून त्यानं स्क्रू जातीनिहाय ठेवले होते, खोलीत स्पिरिटचा वास होता आणि त्याच्या एका डोळ्याला कायमचं भिंग. माणूस कमी बोलणारा. टेलरबाईंना असे लोक आवडत नसत, त्यांना कशावरून पकडायचं ते कळत नाही. त्यानं कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, कडेचा स्पंज डांबर होऊन बोटाला चिकटला. खटका दाबला, तर शटरनं जांभई दिल्यासारखं सावकाश तोंड उघडलं.

"तेल सुकलंय," तो म्हणाला.

"म्हणजे दोष आहे," टेलरबाई यजमानांना म्हणाल्या.

"हे अलीकडचं. पडून राहिला की होतं."

टेलरबाईंनी पिशवीतून अल्बम काढून त्याच्यासमोर आपटला. "अलीकडचं सोडा. हे बघा. मी हलले का? खरं सांगा. माझी भीड धरू नका."

भीड धरणारा माणूस तो दिसत नव्हता. त्यानं तीन-चार पानं उलटली, एका फोटोवर भिंग टेकवलं. "माणूस हलला की एका बाजूला फराटा ओढल्यासारखा दिसतो. इथं फराटा नाही. चहूकडून सारखंच मऊ आहे. आणि या मागच्या बाई बघा."

"त्यांनाच बघतेय पंचेचाळीस वर्षं."

"अंतर त्यांच्यावर जुळलंय. फोटो काढणारा तुमच्यावर जुळवतोय, पण कॅमेरा हातभर मागचं धरतोय." त्यानं खिडकी त्यांच्या डोळ्याला लावली. "समोरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. टेप लावून सांगतो, कॅलेंडर इथून दोन मीटर आहे आणि कडी मी बरोब्बर दोनवर ठेवलीय. दोन्ही चित्रं एकावर एक यायला हवीत."

टेलरबाईंनी पाहिलं. पिवळ्या चौकोनात कॅलेंडरच्या रेघा आडव्या निसटल्या होत्या, दोन्ही बाह्यांचा चौकडा न जुळवता जोडलेल्या शर्टासारख्या. असलं काम त्यांच्या दुकानात कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला सगळं उसवायला बसवलं असतं. डोळा न काढताच त्या म्हणाल्या, "ऐकलंत का? जन्मभर मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्यात, आणि दोन मीटरवर बसलेली बायको सापडली नाही तुम्हाला."

यजमान डब्यांवरची लेबलं वाचत होते.

"सोपं काम आहे," कारागीर म्हणाला. "हे इथं समोर टोपण असतं बारकं, ते पडलंय कधीतरी. त्याच्या आतला हा स्क्रू. यावर ते फिकं चित्र सरकतं. आवळण्याचा स्क्रू नाहीये हा, रेडिओचं बटण फिरवतो तसा जुळवण्याचा आहे. आणि कुणीतरी शहाण्यानं तो पार तळापर्यंत आवळून टाकलाय. अजिबात हलू नये म्हणून असेल." त्यानं भिंग पुढे केलं. "हत्यार पण चुकीचं. खाचेचा उजवा कोपरा चावलाय बघा."

टेलरबाईंनी बघितलं.

तो चावा त्यांच्या ओळखीचा होता. शिवणयंत्राच्या खणात त्यांचा एक छोटा डिसमिस असे, एका कोपऱ्याला टवका उडालेला. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी त्यानं सासरचं सगळं घर आवळून काढलं होतं. कढईचे कान, दाराच्या बिजागऱ्या, सासऱ्यांचा चष्मा, घड्याळाची मागची बाजू. या घरात सगळंच खिळखिळं आहे, असं तेव्हा त्या म्हणाल्याही होत्या. आजही घरातल्या एकूण एक स्क्रूच्या उजव्या कोपऱ्याला तो चावा होता. त्यात हा एक.

"कुणी केलं हे?" कारागिरानं सहज विचारलं.

टेलरबाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान छताकडे पाहत होते.

"आधीचा मालक," ते म्हणाले. "मी जुनाच घेतला होता."

कारागिरानं तेल पुसलं, स्पंज बदलला, स्क्रू उलटा फिरवून रेघा जुळवल्या आणि वर लाल लाखेचा थेंब सोडला. "आता याला हात लावायचा नाही." हे तो यजमानांकडे बघून म्हणाला. पुरुषांकडे बघूनच म्हणतात लोक असं. दोघं निघताना त्यानं बजावलं, की रोल घालून जवळचं, लांबचं सगळं काढून बघा, मगच माणसं बसवा.

रस्त्यात दोन चौक टेलरबाई गप्प होत्या. यजमान घाबरले असावेत, कारण त्यांनीच विचारलं, "रिक्षा करू का?"

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हं."

"कधीपासून?"

"तू आवळलास त्याच्या दुसऱ्या रविवारपासून. टोपण मशीनच्या खाली सापडलं होतं. आहे अजून माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला गेलो होतो. तू म्हणालीस, माझ्या हातून कधी काही बिघडलेलं नाही. मी म्हटलं बरं."

"बरं? आणि हातभर मागं जातंय हेही कळलं होतं?"

"मोजलं ना. एक फूट पाच इंच."

टेलरबाई भर रस्त्यात थांबल्या. मागून येणारा सायकलवाला त्यांना वळसा घालून काहीतरी पुटपुटत गेला. "अहो, मग मला एक फूट पाच इंच मागं बसवायचं ना!"

"दोनदा म्हणालो होतो, खुर्ची जरा मागं घे. तू म्हणालीस, मागं बसायला मी काय भाडेकरू आहे?"

टेलरबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा चालायला लागल्या.

"आणि हलते म्हणून गावभर केलंत ते?"

"ते..." यजमान म्हणाले, "ते एकदा म्हटलं होतं. त्याच्यापुढच्या फोटोला तू अशी बसलीस, तोंड मिटून, डोळे माझ्यावर, अख्खं मिनिटभर. घरात तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग म्हणत राहिलो."

टेलरबाईंनी रिक्षाला हात केला.

पन्नाशीच्या दिवशी दुकानातली टेबलं भिंतीला सारून मधोमध खुर्ची मांडली. मुलगा, सून, शिवणाऱ्या दोघी बाया मागे उभ्या राहिल्या, आणि नणंद आपल्या नेहमीच्या जागी, बरोब्बर खुर्चीच्या मागे. यजमानांनी घसा साफ केला आणि शब्द पाळला.

"ही हलत नव्हती. कॅमेऱ्याचा दोष होता. कारागिराकडून खात्री केलीय."

दोघी बायांनी टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "बघा!" टेलरबाईंनी मान ताठ केली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हेच होतं, आणि ऐकताना ते दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखं अंगावर पडलं. यजमानांनी खिडकीला डोळा लावला.

"पस्तीस तपासणीत गेले. नळ, खिडकी, शेजाऱ्याचं मांजर. एकच उरलाय. हलू नकोस."

"नाही हलत."

"पण दादा," मागून नणंदेचा आवाज आला, "इतका चांगला कॅमेरा, तो बिघडवला कुणी?"

"आधीच्या मालकानं," यजमान खिडकीतूनच म्हणाले. त्यांची बोटं कडी फिरवत होती. फिकी टेलरबाई खऱ्या टेलरबाईकडे सरकत होती.

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा त्यांनी आपल्याला पाठीशी घातलं, आणि आता जन्मभर घालणार. ताटावर बसले की घालणार, काही न बोलता, नुसतं छताकडे बघून. या माणसाच्या उपकाराखाली, पुढच्या खुर्चीवर, स्थिर बसायचं? टेलरबाईंच्या मानेत काहीतरी सुटलं.

"कसला आधीचा मालक!" त्या गर्रकन मागे वळल्या. "मी आवळला! माझ्या डिसमिसनं! खिळखिळं घर होतं तुमचं, एक मी आले म्हणून—"

खट्.

आठवड्यानं फोटो आला. खुर्चीचे हात, त्यावरची टेलरबाईंची बोटं, बोटातलं शिवणाचं टोपण, सगळं इतकं लख्ख की टोपणावरचे खड्डे मोजून घ्यावेत. मानेच्या वर मात्र एक लांब पांढरट फराटा, डावीकडून उजवीकडे. आणि त्या फराट्याच्या मागे, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, नणंद चहूकडून सारखी मऊ आलेली.

"मी मुळीच हलले नव्हते हं!" नणंद म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," टेलरबाई म्हणाल्या.

सून म्हणाली, फोनवर दुसरा काढू. टेलरबाईंनी ऐकलं नाही. तोच फोटो मोठा करून घेतला आणि दुकानात काउंटरच्या वर लावायला लावला. चौकटीच्या कडीचा स्क्रू सैल वाटला म्हणून त्यांनी खणातून डिसमिस काढला.

"अर्धा फेरा," यजमान खालून म्हणाले. "अर्ध्यावर थांब."

टेलरबाईंनी पूर्ण आवळला. नवीन गिऱ्हाईक आलं आणि वर बघून हे कोण असं विचारू लागलं, तर त्या मापाची टेप गळ्यात टाकत सांगतात, "मी. हललेय जरा. नीट उभे राहा आता, माप घ्यायचंय."