कोरी जागा

सेलिनने श्वास रोखून बाळाच्या ओठांवर शेवटचा गुलाबी ठिपका ठेवला आणि कुंचला उचलला.

चित्र तळहाताएवढं, वासराच्या पातळ कातड्यावर रंगवलेलं. मरियेच्या मांडीवर उभा असलेला बाळ येशू. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा बाईने ते स्वतःच्या खोलीत प्रार्थनेसाठी करून घेतलं होतं. बाळाचा चेहरा तेवढा नाहीसा झाला होता. तिथे ओरखडा नव्हता, नुसती गुळगुळीत कोरी जागा. भिंगातून पाहताच सेलिनला उमगलं होतं, हे मुके घेऊन घेऊन झिजलंय. वसईच्या घरी तिची आई क्रुसाचे असेच मुके घ्यायची.

चित्राच्या मालकीणबाईंना, बुसैतीनच्या खदिजाबाईंना, चेहरा भरून हवा होता. काम त्यांच्या पसंतीस उतरलं, की बहारीनमधल्या सीफच्या या वर्कशॉपचे मुख्य दत्तप्रसाद तिच्या मुलाच्या, ड्वेनच्या, व्हिसाच्या पत्रावर सही करणार होते.

आठ महिन्यांच्या ड्वेनला आईजवळ ठेवून ती इकडे आली. त्यानंतर दोनदा रजा हुकली. आईने पाठवलेल्या फोटोंत तो नेहमी हललेला, चेहरा पुसट. शुक्रवारी मासळी साफ करता करता आई फोनवर त्याला म्हणाली,

"बोल रे, मम्मी आहे."

"मम्मी तर इथं मासळी साफ करते," तो म्हणाला.

दत्तप्रसाद आत आले.

"काय सेलिनबाई, खलास?"

ते भिंगावर वाकले. "रंग बेमालूम जुळलाय." मग त्यांनी भिंग बाळाच्या गुडघ्यांवर सरकवलं.

"पण हे तान्हं झालं हो. गुडघे बघा, मनगटं बघा. हा तीनेक वर्षांचा आहे. शाळेत घालायच्या वयाला तुम्ही त्याला पाळण्यात घातलंत!"

ते हसले. सेलिनही कसनुशी हसली.

"पुसता येईल ना?"

"येईल, सर. आजूबाजूच्या मूळ रंगाला धक्का लागणार नाही."

"मग परत करा. तुमचा ड्वेन एवढाच ना? त्यालाच डोळ्यांसमोर आणा. इंशाल्ला, उद्या खदिजाबाईंना दाखवू, तुमच्या पत्राचंही होऊन जाईल."

दार लोटून ते गेले.

सेलिनने कापूस ओला करून पिळला. आधी कपाळ पुसलं, मग हनुवटी, मग ओठ. डोळे तिने शेवटी पुसले. खालची गुळगुळीत जागा पुन्हा वर आली.

तिने नवा रंग कालवला, कुंचला भरून घेतला आणि ड्वेनचा चेहरा आठवत चित्रावर धरला.

टोकावरचा रंग सुकला. तिने तो धुतला, पुन्हा भरून घेतला.